निरंक अहवाल आणि नेतृत्व



नेतृत्व आणि व्यवस्थापन असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या येतात. काचेच्या इमारती, लॅपटॉप, इंग्रजीत चालणाऱ्या मीटिंगा. आपली शाळाही एक संस्थाच आहे, हे मात्र आपल्या लक्षात राहत नाही. पाच-दहा माणसं, त्यांच्यावर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि पुढे थेट मंत्रालय. एवढी लांब साखळी कित्येक कंपन्यांमध्येही नसेल.

बारावी वाणिज्यला ही साखळी मुलं अभ्यासतात. हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं आहेत, त्यातलं एक अधिकारांच्या साखळीचं. आदेश वरून खाली पायरीपायरीनं यायचा, अहवाल खालून वर तसाच जायचा, मधल्या कुणाला ओलांडायचं नाही. फेयॉल हा फ्रान्समधला खाण अभियंता. अनेक वर्षं कंपनी चालवल्यावर १९१६ साली त्यानं हे मांडलं. साखळीनं वेळ जातो हे त्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तातडीच्या वेळी दोन विभागांतल्या बरोबरीच्या माणसांनी थेट बोलावं अशी आडवाटही त्यानं सांगून ठेवली. गंमत बघा, परीक्षेनंतर मुलांच्या लक्षात साखळी राहते, आडवाट राहत नाही. मोठ्यांचंही तेच होतं.

आधुनिक संस्थांपुढची आव्हानं लिहा म्हटलं की आपण तंत्रज्ञान, स्पर्धा, वेगवान बदल, ताणतणाव असे मुद्दे लिहितो. ते खोटे नाहीत. पण माझ्या मते सगळ्यात अवघड आव्हान यांच्याही आधीचं आहे. खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंत वाईट बातमी वेळेवर पोहोचतच नाही. ती खालच्या माणसाला माहीत असते, मधल्यांना अंधुक माहीत असते, आणि वरच्याच्या टेबलावर जाईपर्यंत तिचं ‘सगळं ठीक आहे’ झालेलं असतं.

याचं एक उदाहरण आपल्या शाळांच्या भिंतीवरच लटकलेलं असतं. कल्पना चावलाचा फोटो. करनालची मुलगी अंतराळात गेली, हे आपण मुलांना अभिमानानं सांगतो. ती परत का आली नाही, हे मात्र ‘यानाला अपघात झाला’ एवढ्यावर आटोपतो. तो अपघात खरं तर व्यवस्थापनाच्या तासाला शिकवायला हवा.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान सुटलं. सुटल्यावर साधारण ८२ सेकंदांनी इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा निसटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. हे लपून राहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी चित्रीकरण तपासताना अभियंत्यांनी ते पाहिलं आणि त्यांना काळजी वाटली. यान अंतराळात आहे तोवर लष्कराच्या यंत्रणेकडून पंखाचे फोटो काढून घ्यावेत, अशी मागणी खालून तीन वेळा झाली. वरच्यांनी ती पुढे जाऊ दिली नाही. कारणही वरकरणी पटण्यासारखं होतं: फोम याआधीच्या उड्डाणांतही पडायचा आणि यानं सुखरूप परत यायची. जे व्हायला नको होतं ते वारंवार झालं, म्हणून ते चालण्यासारखं ठरलं. शाळेच्या व्हरांड्याच्या स्लॅबला तडा गेलेला असतो. पहिल्या पावसाळ्यात आपण मुलांना तिथे बसू देत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्याखालीच परिपाठ होतो. तसंच हे.

रॉडनी रोचा नावाचा नासाचा एक अभियंता होता. फोटो नाकारले गेल्यावर त्यानं एक कडक ईमेल लिहिला. सुरक्षिततेची शंका असेल तर बोला, अशी पोस्टर्स नासात जागोजागी लावलेली होती, त्यांची आठवण त्यानं त्यात करून दिली होती. तो ईमेल त्यानं छापून एका सहकाऱ्याला दाखवला. पाठवला मात्र नाही. अधिकारांची साखळी ओलांडायची नाही, म्हणून. फेयॉलची आडवाट इथे हवी होती.

१ फेब्रुवारीला परतताना पंखाच्या भोकातून तप्त वायू आत शिरले आणि उतरायला जेमतेम सोळा मिनिटं असताना टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. कल्पनासह सात जण गेले. फोटो काढले असते तर ते नक्की वाचले असते, असं कुणी म्हणू शकत नाही. पण चौकशी मंडळानं दुसरं यान पाठवून सुटका करण्याची शक्यता तपासून पाहिली. ते काम फार जोखमीचं असलं तरी अशक्य नव्हतं, असं मंडळाचं मत पडलं. याच मंडळानं लिहिलं की या अपघातात फोमचा जेवढा हात आहे तेवढाच संस्थेच्या कार्यसंस्कृतीचाही आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. एरवी ‘सुरक्षित आहे हे सिद्ध करा’ अशी अट असायला हवी. इथे अभियंत्यांवर ‘धोका आहे हे सिद्ध करा’ अशी वेळ आली. सिद्ध करायला फोटो हवेत, आणि फोटो तर नाकारलेले!

जाता जाता, पीपीटीप्रेमी मित्रांसाठी. व्यवस्थापकांना माहिती देण्यासाठी जी स्लाइड केली होती, तिचं शीर्षक दिलासा देणारं होतं. प्रत्यक्ष आदळलेला तुकडा चाचण्यांमधल्या तुकड्यापेक्षा सुमारे ६४० पट मोठा होता, हे सांगणारे आकडे मात्र त्याच स्लाइडवर तळाला, बारीक अक्षरांत होते. चौकशी अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र टिप्पणी आहे.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. सतरा वर्षांपूर्वी, २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती. ती अंतराळातून पाठ घेणार होती आणि कित्येक शाळांमधली मुलं ते उड्डाण थेट बघत होती. इतक्या थंडीत रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, उड्डाण नको, असं रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री बजावलं होतं. नासाच्या अधिकाऱ्यांची नाराजी दिसल्यावर कंपनीच्या वरिष्ठांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून मत बदललं. उड्डाणाचा शेवटचा निर्णय घेणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना त्या रात्रीचा विरोध कळलाच नाही. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी विचारलं, यान नष्ट होण्याची शक्यता किती? काम करणारे अभियंते म्हणाले, साधारण शंभरात एक. व्यवस्थापन म्हणालं, लाखात एक. एकाच संस्थेत, एकाच यानाबद्दल!

आता आपल्याकडे येऊ.

पालकांपैकी काहींना ‘निरंक’ हा शब्द माहीत नसेल. सरकारी कार्यालयात माहिती मागवली आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसेल तर रकान्यात ‘निरंक’ लिहितात. शाळाबाह्य मुले: निरंक. तक्रारी: निरंक. धोकादायक वर्गखोल्या: निरंक. हा शब्द लिहायला दोन सेकंद लागतात आणि तो लिहिला की पुढचा एकही फोन येत नाही. खरा आकडा लिहिला तर काय होतं, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत आहे.

समजा दिवाळीनंतर शाळेतली अकरा मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. बीडपासून नंदुरबारपर्यंत स्थलांतराची गावं कमी नाहीत. मुलं महिनाभर सलग गैरहजर असली की ती शाळाबाह्य धरायला हवीत. मुख्याध्यापकानं अकरा लिहिलं, तर लगेच विचारणा: स्थलांतर रोखण्यासाठी काय प्रयत्न केले? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव का दिला नाही? पालकभेटींची नोंद कुठे आहे? खुलासा सादर करा. शेजारच्या शाळेनं ‘निरंक’ लिहिलं, तिला कुणी काही विचारत नाही. उलट तालुक्याच्या बैठकीत तिचं कौतुक होतं. पुढच्या वर्षी पहिला मुख्याध्यापक काय लिहील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यातून शाळा कमी पटाची असेल तर ती समायोजनात जाईल, पद जाईल ही भीती वेगळीच. ४ जुलै २०१५ला राज्यभर एकाच दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. आलेला आकडा वास्तवापेक्षा फार कमी आहे, असं या क्षेत्रातल्या संस्थांनी तेव्हाच म्हटलं होतं. शिक्षकांनी पाय झिजवले नाहीत असं मी म्हणत नाही. पण ज्या यंत्रणेत खऱ्या आकड्याला शिक्षा आहे, तिथे आकडा कमीच येणार.

इथे मुख्याध्यापकाचीही बाजू समजून घ्या. जिल्हा परिषदेच्या बहुतेक लहान शाळांत मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला दीडशेच्या वर मुलं असली तर मुख्याध्यापक. बाकी ठिकाणी वर्ग सांभाळणारा शिक्षकच प्रभारी असतो. तांदूळ-डाळीचा हिशेब, यू-डायस, सरल, आधार जुळणी, व्हॉट्सॲपवर आलेलं ‘तात्काळ, आजच, लिंक भरा’, आणि मधल्या वेळेत दुसरी आणि तिसरीचे वर्ग. अधिकार नाही, जबाबदारी पूर्ण. असा माणूस संध्याकाळी साडेपाचला लिंक उघडतो तेव्हा ‘निरंक’ हा त्याला देवासारखा भेटतो. त्याला नेतृत्वाचं प्रशिक्षण द्या, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, वर्षाला पन्नास तास. जरूर द्यावं. पण पन्नास तासांचं प्रशिक्षण घेऊन परत आल्यावरही खऱ्या आकड्याला खुलासाच द्यावा लागणार असेल, तर त्या तासांचं काय करायचं?

कुणी म्हणेल, फॉर्ममध्ये थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं? बिघडतं. ज्या संस्थेला लहान वाईट बातम्या दाबायची सवय लागते, ती मोठीही दाबते. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली आणि पालक रस्त्यावर, रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा शाळेनं ही बाब पोलिसांना कळवली नाही, यावर कडक ताशेरे ओढले. पॉक्सो कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती मिळाली की कळवायलाच हवं. हाताखालच्या माणसाकडून गुन्हा झाला आणि संस्थाप्रमुखानं कळवलं नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही संस्था आधी ‘आपल्या नावाचं काय होईल’ असा विचार करतात. हा विचार एका दिवसात जन्माला येत नाही. वर्षानुवर्षं ‘निरंक’ लिहून तो तयार झालेला असतो. आपल्या शाळेतली तक्रारपेटी शेवटची कधी उघडली, किल्ली कुणाकडे आहे, एवढं पालकांनी उद्या विचारून बघावं.

मग नेत्यानं करायचं काय? टोयोटाच्या मोटार कारखान्यांत कामाच्या रांगेवरून एक दोरी गेलेली असायची. कुठल्याही साध्या कामगाराला दोष दिसला की त्यानं ती ओढायची. दिवा लागतो, त्याचा गटप्रमुख धावत त्याच्याजवळ येतो, आणि अडचण ठरल्या वेळेत सुटली नाही तर गाड्यांची अख्खी रांग थांबते. या गोष्टीत बहुतेकांना दोरी आवडते. मला गटप्रमुखाचं येणं महत्त्वाचं वाटतं. तो मदतीला येतो. आपल्याकडे दोरी ओढली की कोण येतं आणि काय म्हणतं, ते आठवा. आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे, ‘तुम्हाला दिसलं ना, मग तुम्हीच बघा आता!’ शाळेच्या बैठकीत एखाद्या नव्या मॅडमनी सांगितलं की मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, की स्वच्छता समिती मॅडमकडे. पुढच्या बैठकीत मॅडम गप्प. आमच्याकडे काही तक्रारीच नाहीत, असं मग मुख्याध्यापक अभिमानानं सांगतात.

म्हणून पहिली साधी गोष्ट ही की अडचण सांगणाऱ्याच्या गळ्यात ती अडचण एकट्याच्या नावानं बांधू नये. दुसरी, बैठकीची सुरुवात ‘या महिन्यात काय जमलं नाही’ या प्रश्नानं करावी आणि पहिलं उत्तर मुख्याध्यापकानं स्वतःचं द्यावं. वरचा माणूस ‘माझ्याकडून पोषण आहाराची नोंद चार दिवस राहिली’ असं म्हणतो तेव्हाच खालच्याला ‘माझ्या वर्गातली सहा मुलं अजून जोडाक्षरं वाचत नाहीत’ असं म्हणायचा धीर येतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. त्या समितीचं इतिवृत्त घरी पाठवून सह्या घेण्याऐवजी त्या बायकांना समोर बसवून एवढंच विचारावं: तुमचं पोर घरी येऊन शाळेबद्दल काय सांगतं? अर्ध्या तासात खरी माहिती गोळा होते. ऐकवत नाही, ते सोडा.

आपला वर्गही यातून सुटत नाही. ‘समजलं का?’ असं आपण विचारतो आणि चाळीस मुलं एका सुरात ‘होऽऽ सर’ म्हणतात. हा चाळीस जणांचा निरंक अहवालच. मागच्या बाकावरच्या मुलाला ‘नाही समजलं’ म्हणण्याची किंमत माहीत असते: इतका वेळ कुठे लक्ष होतं, उभा राहा. घरातही तेच. चाचणीचा पेपर दप्तराच्या तळाशी का लपतो, हे पालकांनी मुलाला विचारण्याआधी मागच्या वेळी पेपर दाखवला तेव्हा काय झालं होतं ते आठवावं. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याचं काय होतं, हे मूल पहिल्यांदा घरात शिकतं आणि दुसऱ्यांदा वर्गात. मोठेपणी ते कुठल्याशा संस्थेत कामाला लागतं तेव्हा हा धडा त्याचा पाठ झालेला असतो.

मात्र ‘सुरुवात स्वतःपासून करा’ असं सांगून वरच्यांना मोकळं सोडणं मला मान्य नाही. जिथे खुलासा मागण्याचा अधिकार आहे, तिथेच पहिला बदल व्हायला हवा. आपण परिपाठात सांगतो ती सतीश धवन यांची गोष्ट आठवा. १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्पाचे संचालक डॉ. कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे प्रमुख धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी घेतली. १८ जुलै १९८०ला यश आलं तेव्हा पत्रकार परिषद घ्यायला त्यांनी कलामांना पुढे केलं. आपण ही गोष्ट मुलांना नम्रता शिकवायला सांगतो. मला तिचा उपयोग वेगळा वाटतो. त्या मधल्या अकरा महिन्यांत नेमकं काय बिघडलं, हे शोधायचं होतं. साहेब आपल्याला लोकांसमोर उघडं पाडणार नाहीत, हे ज्या तंत्रज्ञांनी डोळ्यांनी पाहिलं, ते चूक लपवत कशाला बसतील? धवनांच्या खुर्चीतल्या माणसाला हे करता येतं. प्रभारी मुख्याध्यापकाला नाही.

तर माझी सूचना अशी. केंद्राच्या मासिक अहवालात एक रकाना वाढवा: ‘या महिन्यात जमले नाही’. त्यात लिहिलेल्या कुठल्याही मजकुरावर तीन महिने खुलासा मागायचा नाही, फक्त ‘कोणती मदत हवी’ एवढंच विचारायचं. आणि त्या एका रकान्यात ‘निरंक’ लिहिलेला अहवाल परत पाठवायचा. आपल्या केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत मी हे मांडणार आहे. तुमच्याकडे कुणी असं आधीच करत असेल तर त्यांचा अनुभव जरूर कळवा. फसलेला असेल तर आधी कळवा.